पाच वर्षांचा डेव्हलपमेंट प्लॅन: कामाचा की कागदाचा?

लाइन_तीन (धागालेखक)
अप्रेझलचा धुरळा बसला की एचआरचं मेल येतं: आयडीपी भरा. म्हणजे ज्याचा त्याचा विकास आराखडा. बलस्थानं काय, उणिवा काय, तीन ते पाच वर्षांनी कुठलं पद हवं. मी चाकणला प्रॉडक्शनला आहे. इथं कस्टमर ऐन मंगळवारी आठवड्याचं शेड्यूल फिरवतो, आणि मी प्लांट हेड कधी होणार ते आत्ताच लिहून द्यायचं! निम्मे लोक मागच्या वर्षीचा फॉर्म उघडतात, तारीख बदलतात, सबमिट.
२०२० च्या लॉकडाऊननंतर अर्धी माणसं गावी गेलेली असताना ज्यांनी आमची लाइन पुन्हा चालू केली, त्यांच्यापैकी कुणाच्या फॉर्मवर 'संकट हाताळणे' नव्हतं. नेतृत्व अंगावर पडतं तेव्हाच येतं. बाकी सगळा एचआरचा उद्योग.

घाटमाथा
असहमत. मी ट्रेनिंगच्या क्षेत्रातच आहे, तेव्हा पक्षपाती समजा हवं तर. माणूस ७० टक्के प्रत्यक्ष कामातून शिकतो, २० टक्के इतरांकडून आणि १० टक्के वर्गात, असं सूत्र अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपमधून १९८० च्या दशकात पुढे आलं. म्हणजे तुमचंच म्हणणं! फक्त ते ७० टक्के कुणाच्या वाट्याला यावं हे आधी ठरवायचं, एवढाच प्लॅन. हिंदुस्तान लिव्हर आपल्या मॅनेजमेंट ट्रेनींना उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात खेड्यात राहायला पाठवायची. ते काही त्यांच्या अंगावर आपोआप पडलं नव्हतं.

खडूस_काका
ते ७०-२०-१० यशस्वी साहेबांना 'तुम्ही कसे शिकलात' असं विचारून काढलंय. स्वतःच्या आठवणीवर बेतलेलं, आणि आकडे कसे, किराणा दुकानातल्या हिशेबासारखे गोल! सूत्र म्हणून भिंतीवर लावायला ठीक.

कीबोर्ड_कुलकर्णी
पण लांबचा विचार केल्याशिवाय माणूस वर जातो का? एन. चंद्रशेखरन १९८७ मध्ये टीसीएसमध्ये लागले, २००९ मध्ये सीईओ झाले, २०१७ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष. एकाच घरात तीस वर्षं.

खडूस_काका
आणि १९८७ ला लागलेल्या बाकीच्यांचं काय झालं? त्यांनीही प्लॅन केलेच असतील की. एक पोहोचला म्हणून रस्ता चांगला ठरत नाही.

शिफ्ट_बी
मी क्वालिटीला आहे, आमच्या डिपार्टमेंटला दोनच बायका. लाइन_तीन, तुम्ही म्हणता नेतृत्व अंगावर पडतं. पण कुणाच्या अंगावर पडतं ते बघितलंय का? जो साहेबांबरोबर टपरीवर चहाला उभा असतो त्याच्या. त्याचा आयडीपी तिथंच होतो, तोंडी. 'नवीन पार्टचं लॉन्च येतंय, तू बघ' एवढ्या एका वाक्यात त्याची दोन वर्षं मार्गी लागतात. आम्हाला कळतं तेव्हा मेलमध्ये नाव आलेलं असतं. बरं, विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'तुम्हाला उशिरापर्यंत थांबणं जमणार नाही असं वाटलं.' वाटलं म्हणे! विचारलं कुणी?
माझ्यासारखीला तो फॉर्म हाच एक पुरावा. मी त्यात पद लिहीत नाही, काम लिहिते. 'सप्लायर ऑडिट (माल पुरवणाऱ्यांकडची तपासणी) स्वतंत्रपणे करणे' असं सलग दोन वर्षं लिहिलं. पहिल्या वर्षी कुणी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी बॉस बदलले, नव्यांनी फॉर्म वाचला आणि ऑडिटला पाठवलं.

खडूस_काका
म्हणजे बॉस बदलला म्हणून झालं, प्लॅनमुळे नाही.

शिफ्ट_बी
काका, नवा बॉस आला तेव्हा वाचायला काहीतरी होतं म्हणून झालं.

घाटमाथा
+१. आणि एक भर. फॉर्म भरणाऱ्याला मुदत असते, वाचणाऱ्याला नसते. टीमला कामं दिली की नाही यावर मॅनेजरचं रेटिंग ठरलं, तर हे सगळं आपोआप सुधारेल.

लाइन_तीन
मॅनेजरच्या रेटिंगला जोडलं की तोही तारीख बदलून सबमिट करेल, लिहून ठेवा. शिफ्ट_बी, तुमचं टपरीचं पटलं. तिथं उभा राहणाऱ्यांत मीही असतो. पण तुमचंही काम शेवटी माणूस बदलल्यावरच झालं, तेव्हा फॉर्मला एवढं श्रेय द्यायला मी तयार नाही. यंदा पदाचा रकाना रिकामा ठेवून कॉस्टिंगच्या, म्हणजे पार्टचा खर्च काढायच्या, मीटिंगला बसायला मागतोय.

शिफ्ट_बी
बसायला नका मागू, एका पार्टचं कॉस्टिंग करायला मागा. नुसतं बसणाऱ्याकडे मीटिंगचा वृत्तांत लिहायचं काम येतं.