ग्रँड कॅन्यनच्या पाण्यासाठी कोकणात सराव कसा करू?

दाभोळखाडी: आतेभावाला अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीत राफ्टिंग करायचं परमिट लागलंय, सप्टेंबरचं, १६ जणांचं. लीज फेरी ते डायमंड क्रीक, २२६ मैल. मी लहानपणापासून खाडीत वल्हं मारतोय, कुंडलिकेत तीनदा राफ्टिंग केलंय. एवढ्यावर जावं का?

कोलाडवाला: कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघराचं पाणी सकाळी सुटतं आणि दुपारच्या आत आपण घरी. ग्रँड कॅन्यनमध्ये दोन आठवडे रोज हेच. उलटलेल्या राफ्टवर परत चढायचा सराव करा, तोही दमलेले असताना.

आंजर्लेकर: जा, नक्की जा. मी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरातच गेलो होतो. तिथे पोहण्यापेक्षा गारठ्याची तयारी हवी. ग्लेन कॅन्यन धरणातून सुटतं ते जलाशयाच्या खोलातलं पाणी. वर कडक ऊन आणि पाण्यात हात घातला की कळ येते. आमचा राफ्ट उलटला तेव्हा दोर मला समोर दिसत होता, पण मूठ वळत नव्हती.

दुसरं, पाणी रोज चढतं-उतरतं. विजेच्या मागणीप्रमाणे धरण कमी-जास्त सोडतं आणि ते खाली पोचायला तास लागतात, त्यामुळे प्रत्येक मुक्कामाला वेळ वेगळी. भरती-सुकती बघत वाढलेला मी, तरी पहिल्या रात्री राफ्ट काठाला आवळून बांधला. उजाडलं तेव्हा तो दगडांवर कोरडा. सगळ्यांनी मिळून ढकलला, दीड तास गेला. पोचल्या पोचल्या पाण्याच्या रेषेवर काटकी खोचा आणि तासाभराने बघा.

पावसाळा तिथेही असतो, सप्टेंबरपर्यंत. बाजूच्या घळीच्या तोंडाशी तंबू ठोकू नका. क्रिस्टल रॅपिड, म्हणजे नदीतला खळाळता टप्पा, एवढा दांडगा झाला तो १९६६ च्या डिसेंबरात अशाच घळीतून वाहून आलेल्या दगडधोंड्यांनी. आणि १७९ व्या मैलावरचा लाव्हा फॉल्स हा रॅपिड काठावर चढून नीट बघितल्याशिवाय उतरायचा नाही.

हो, शौचाचा डबासुद्धा शेवटपर्यंत राफ्टवरून न्यायचा असतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

दाभोळखाडी: मूठ वळत नव्हती, हे वाचून झोप उडाली. आपल्याकडे एवढं गार पाणी आणायचं कुठून?

आंजर्लेकर: जेटीवरून मासळीचा बर्फ आणा. घमेल्यात पाणी घालून कोपरापर्यंत हात दोन मिनिटं बुडवा, बाहेर काढा आणि लगेच दोराची गाठ मारून बघा. पहिल्या दिवशी जमणार नाही. रोज करा.