एकाच डोसची व्हायल: उरलेलं औषध फेकायचं की वापरायचं?

हूडसमोर (धागाकर्ता):
काल पुन्हा तेच. व्हायल, म्हणजे रबरी बुचाची औषधाची छोटी बाटली, १०० मिलिग्रॅमची, रुग्णाला हवे ६५. डोस ओढला, सलाईनच्या पिशवीत सोडला, लेबल लावलं आणि उरलेले ३५ मिलिग्रॅम डब्यात. दोन तासांनी त्याच औषधाचं दुसरं प्रिस्क्रिप्शन आलं. परत नवी व्हायल फोडली.

दहा वर्षं रुग्णालयाच्या फार्मसीत इंजेक्शनं तयार करतोय, त्यामुळे निर्जंतुकपणा म्हणजे काय ते मला शिकवू नका. या व्हायलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा पदार्थ, नसतं हेही ठाऊक आहे. पण मी काम करतो ते हूडमध्ये, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेचा झोत असलेल्या कपाटवजा टेबलावर. तिथली हवा हेपा या अतिसूक्ष्म फिल्टरमधून येते, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवून. अमेरिकी फार्माकोपियाच्या, म्हणजे तिथल्या औषध-मानकांच्या ग्रंथाच्या, निर्जंतुक औषधं तयार करण्यावरच्या ७९७ व्या प्रकरणात अशा हवेत टोचलेली एकच डोसची व्हायल वापरायला आधी ६ तास होते, १ नोव्हेंबर २०२३ पासून १२ झाले. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच दार उघडलंय आणि आमचे वरिष्ठ मात्र "एकदा टोचली की संपली" म्हणतात. हे शास्त्र नाही, सोवळं आहे. औषधाचा तुटवडा असताना तर मला हा गुन्हाच वाटतो.

रात्रपाळी:
असहमत. तुम्ही १२ चा आकडा उचललात आणि त्याच्या अटी टेबलावरच ठेवल्यात. प्रत्येक टोच आयएसओ ५ दर्जाच्या, म्हणजे हूडमधल्यासारख्या अतिस्वच्छ, हवेतच हवी आणि मधल्या वेळात व्हायल लेबलवर लिहिलंय तशीच साठवायला हवी. फोडलेल्या अँप्युलला, म्हणजे मान मोडून उघडायच्या काचेच्या कुपीला, तर ही सवलतच नाही. शिवाय विरघळवलेलं औषध रासायनिकदृष्ट्या तेवढा वेळ टिकतं का, हा प्रश्न वेगळा. काही औषधांची मुदत त्याआधीच संपते.

पण माझा खरा मुद्दा हाताचा आहे. गेल्या आठवड्यात एका नवीन मुलाला शिकवत होतो. आडव्या प्रवाहाचा हूड, हवा समोरच्या फिल्टरमधून आपल्याकडे येते. हातमोजे, मास्क, गाऊन सगळं चोख. बूच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं आणि ओलं असतानाच सुई घातली. वाळेपर्यंत थांबायचं असतं, कारण अल्कोहोलला काम करायला तेवढा वेळ लागतो. मग सिरिंज वाचायला त्यानं डावा हात फिल्टर आणि व्हायलच्या मधे आणला. झालं! फिल्टरमधून थेट येणारी पहिली हवा बुचाला मिळायला हवी, ती आता त्याच्या मनगटावरून येत होती. त्याला पत्ताही नव्हता. हूड व्यवस्थित चालू होता बरं का.

एका व्हायलला एक टोच असेल तर अशी चूक एका रुग्णापुरती राहते. दोघातिघांत वाटली की तीच चूक तिघांच्या शिरेत जाते.

हूडसमोर:
त्या मुलाची चूक व्हायलवर का ढकलता? म्हणून तर मीडिया फिल चाचणी असते. औषधाऐवजी सोयाबीन-केसीनचं पोषक द्रव घेऊन नेहमीच्याच पद्धतीनं भरायचं, १४ दिवस उबवायचं, गढूळ झालं तर माणूस नापास. हातमोज्यांची बोटं अगार प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, टेकवून तपासतात ते वेगळंच. जो पास झालाय त्याच्यावर विश्वास ठेवा की.

साशंक:
चाचणी त्या दिवसापुरती असते. परीक्षेला सगळेच शहाण्यासारखे वागतात.

तयार मालाच्या चाचणीवरही फार भिस्त नको. समजा एखाद्या बॅचमध्ये १ टक्का व्हायल दूषित आहेत. त्यातल्या २० उचलून तपासल्या, तर एकही दूषित हाताला न लागण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे जवळपास ८२ टक्के. शंभरातल्या ८२ वेळा घाणेरडी बॅच हसत हसत पास! त्यात निकालाला १४ दिवस, तुमची पिशवी तासाभरात रुग्णाला लागलेली. म्हणून निर्जंतुकपणा शेवटी तपासून मिळत नाही, तो करतानाच सांभाळावा लागतो.

आणि "आजवर काही झालं नाही" हे कृपया कुणी म्हणू नका. इंग्लंडमध्ये १९७२ साली डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात दूषित डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांनी पाच रुग्ण दगावले. त्या बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, हवा अडकली आणि तळाच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेत न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या फार्मसीच्या स्टेरॉइड इंजेक्शनांमधून बुरशी गेली. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०१३ च्या मोजणीत ७५३ आजारी, ६४ मृत.

हूडसमोर:
उदाहरणं भयंकर आहेत, पण इथे लागू नाहीत. एकीकडे कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हची गडबड, दुसरीकडे हजारो व्हायल भरून राज्याराज्यांत पाठवणारी फार्मसी. मी बोलतोय एका व्हायलमधल्या ३५ मिलिग्रॅमबद्दल. वाघ दाखवून मांजर मारायला सांगताय.

वाचनमात्र:
मी या क्षेत्रातली नाही. आईची केमो चालू होती तेव्हा बिलात प्रत्येक वेळी पूर्ण व्हायल लागायची, डोस कमी असला तरी. तेव्हा वाटायचं, उरलेलं जातं कुठे? फेकत असतील तर हळहळ, आणि दुसऱ्या कुणाला देत असतील तर मग पूर्ण व्हायलचे पैसे दोघांकडून का? धागाकर्त्यांनी याचं उत्तर आधी द्यावं. आणि आईच्या पिशवीत दुसऱ्यासाठी उघडलेल्या व्हायलमधलं औषध आहे हे मला कुणी सांगितलं असतं का?

हूडसमोर:
वाचनमात्र, रास्त प्रश्न. वाटून वापरलं तर बिलही वाटूनच व्हायला हवं. तसं न होता कुणी वाटत असेल तर ती लबाडी आहे, काटकसर नाही.

जंतूवाला:
सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूनं थोडं. दोघंही "व्हायल" म्हणताय, पण आत काय आहे यावर सगळं ठरतं. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध स्निग्ध पदार्थाच्या दुधाळ मिश्रणात (इमल्शन) असतं, जंतूंना ती मेजवानीच. काही जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. १२ तासांत ३६ दुपटी, म्हणजे कागदावर एकाचे ६,८०० कोटींवर. प्रत्यक्षात सुरुवातीला ते रेंगाळतात, अन्न संपतं, साध्या सलाईनमध्ये तर बहुतेकांची उपासमारच होते. तेव्हा आकड्यानं घाबरून जाऊ नका, पण सगळ्या औषधांना एकच घड्याळही लावू नका.

दोन गैरसमज मात्र नेहमी ऐकतो. एक, "फ्रिजमध्ये ठेवलं होतं." थंडीनं वाढ मंदावते, जंतू मरत नाहीत आणि काही तर फ्रिजमध्येही वाढतात. दोन, "अल्कोहोलनं पुसलंय." बीजाणूंना, म्हणजे काही जंतूंच्या कठीण कवचातल्या सुप्त रूपांना, अल्कोहोल काही करत नाही, त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पेरअसेटिक आम्लासारखं बीजाणूनाशक लागतं. तिसरं आत्ता आठवलं: कर्करोगाचं औषध पेशी मारतं म्हणून जंतूही मारेलच, असं अजिबात धरू नका.

हूडसमोर:
ठीक आहे, माझं म्हणणं जरा बदलतो. बारा तास व्हायल ठेवून "कुणी येतंय का" बघत बसायचं नाही. एकाच औषधाचे रुग्ण एकाच दिवशी, लागोपाठच्या वेळा देऊन बोलवा. व्हायल एकदाच टोचायची, दोन्ही डोस तिथल्या तिथे, पाच-दहा मिनिटांत. मग जंतूंना दुप्पट व्हायला वेळ कुठे आहे?

रात्रपाळी:
हे पहिल्यापेक्षा शंभर पटीनं बरं, मान्य. पण दोन रुग्णांच्या दोन भरलेल्या सिरिंजा एकाच हूडमध्ये शेजारी आल्या की माझी झोप वेगळ्या कारणानं उडते. जंतूंनी नाही, लेबलच्या अदलाबदलीनं जीव जाईल. मी अशी अदलाबदल होता होता राहिलेली पाहिलीय. दुसऱ्या फार्मासिस्टनं नाव मोठ्यानं वाचलं म्हणून वाचलो.

आणि एकदाच टोचायची तर नीट टोचा. सुई तिरकी, तोंड वर, मग दाबताना सरळ. नाहीतर बुचाचा तुकडा कापून आत पडतो आणि सगळी व्हायल तशीही फेकावी लागते.

हूडसमोर:
पहिला डोस ओढला की लगेच लेबल, ते दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, पिशवी हूडबाहेर, मगच दुसरा. पण मग तेवढा वेळ सुई बुचात ठेवायची की दुसऱ्यांदा टोचायचं?

रात्रपाळी:
बघा, आलात ना तिथेच? एका टोचेच्या दोन झाल्या.

हूडसमोर:
दोन तर दोन. पहिली किती वाजता ते व्हायलवरच लिहीन.

रात्रपाळी:
कुणी टोचली तेही लिहा.