मदत हवी आहे: मंगोलियात गेरमध्ये राहायचंय, अंथरूण आणि शाकाहारी जेवणाचं काय करावं?

सावनी_क
आई आणि मी मंगोलियाला जातोय. व्हिसा, तिकिटं झाली. ३ रात्री पशुपालक कुटुंबाकडे गेरमध्ये (तिथला गोल तंबू) राहणार आहोत. स्लीपिंग बॅग न्यावी लागेल का? आई शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचं कसं जमवायचं? वाचून वाचून डोकं उठलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. शनिवारी खरेदीला जायचंय, प्लीज लवकर सांगा.

भटकभैरव
महिना कोणता? भाग कोणता? गोबीत जुलैच्या दुपारी गेरचा नमदा (लोकर दाबून केलेलं जाड आवरण) खालून गुंडाळून वर करतात, वारा खेळावा म्हणून. उत्तरेत सप्टेंबरात तोच नमदा जमिनीपर्यंत ताणून बांधतात. एक उत्तर दोन्हींना लागू होणार नाही.

घोडदौड
नादाम चुकवू नका! ११ ते १३ जुलै, उलानबातरमध्ये. कुस्ती, तिरंदाजी, घोड्यांच्या शर्यती.

सावनी_क
सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आहे हो. अरखांगाय.

रानवारा
अरखांगाय केवढा मोठा प्रांत आहे! त्सेत्सेरलेगच्या आसपास की पुढे तेर्खीन त्सागान तलावाकडे? तलाव २,००० मीटरच्या वर आहे. सप्टेंबरअखेर तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फही पडू शकतो. आणि आईंचं वय, गुडघे? तिथला संडास म्हणजे गेरपासून लांब खड्ड्यावर टाकलेल्या फळ्या.

सावनी_क
तलावाकडेच. वय ६६. उकिडवं बसता येत नाही.

भटकभैरव
मग बॅग हवीच. लेबलवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतात, 'कम्फर्ट'चा उणे १० असलेली घ्या. यजमान गोधड्या देतात, त्या वरून घ्यायच्या. मधल्या शेगडीत तिकडे लार्चचं लाकूड आणि वाळलेलं शेण जाळतात. दोन्ही भराभर जळतात. शेगडी विझली की गेर तासाभरात थंड पडते, म्हणून पहाटे कोण पेटवणार ते झोपण्यापूर्वीच यजमानांशी ठरवा.
एक महत्त्वाचं: छताच्या मधल्या गोल चौकटीला तोओनो म्हणतात, धुराडं तिच्यातूनच बाहेर जातं. तिच्यावरची नमद्याची झडप थंडी वाजते म्हणून पूर्ण ओढून घेऊ नका. शेगडी धुमसत असेल तर कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. बॅटरीवरचा अलार्म सोबत न्या.

खवय्या_अण्णा
जेवणाचं. चालकाला सांगायचं वाक्य: 'बी मख इद्देग्गूय', मी मांस खात नाही. पण तेवढ्यावर भागत नाही. त्सुइवानमधून (नूडल्स) मांसाचे तुकडे वेचून काढतात, चरबी तशीच राहते. बोरत्सोगही (पिठाचे तळलेले तुकडे) बऱ्याचदा चरबीत तळलेले असतात. चरबीचं वेगळं विचारायचं. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे दही, ओरोम (साय) आणि मीठ घातलेला दुधाचा चहा. आरूल (वाळवलेला चक्का) फार कडक असतो, दात सांभाळून चघळायचा.
बाकी शिधा इथून: पोहे, भाजलेला रवा, मुगाची डाळ, मेतकूट. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तूरडाळ, राजमा उघड्या भांड्यात शिजत नाहीत.

घोडदौड
छोटा कुकर न्या, सोपं!

खवय्या_अण्णा
शेगडीवर मोठी गोल कढई बसवायचं भोक असतं, छोटा कुकर त्यावर टेकत नाही. झाकण-पत्रा असेल तरच जमेल. चालकाकडे गॅसचा बर्नर असेल तर बाहेर आडोशाला शिजवा. गॅसची डबी विमानात चालत नाही, उलानबातरमध्ये घ्यावी लागते.

रानवारा
मुळात ६६ वर्षांच्या बाईंना ३ रात्री कुटुंबाकडे कशाला? एक रात्र तिथे, बाकी पर्यटक कॅम्पात. तिथे बसायचा संडास आणि गरम पाणी मिळतं.

भटकभैरव
मला हे पटत नाही. बरेच कॅम्प सप्टेंबरात बंद व्हायला लागतात, उघडे असले तरी पाइप गोठायच्या भीतीने पाणी बंद करतात. घडीची कमोड खुर्ची न्या, खड्ड्यावर ठेवता येते. कुटुंबाच्या गेरमध्ये शेगडीकडे लक्ष द्यायला माणसं असतात.

रानवारा
फोन करून खात्री करता येतेच की. शिवाय उलानबातरपासून त्सेत्सेरलेग सुमारे ४५० किमी, तलाव त्याच्याही पुढे. एका दिवसात ओढू नका, वाटेत खारखोरिन किंवा त्सेत्सेरलेगला मुक्काम करा.

मृद्गंध
थोडं अवांतर: आमच्या कोलाडच्या शेतावर अशी गेर उभारता येईल का?

भटकभैरव
नमद्याची नको. उलानबातरला वर्षभरात साधारण २५० मिमी पाऊस पडतो, कोलाडला तेवढा आठवड्यात पडू शकतो. भिजलेली लोकर जड होते, कुबट वास मारते, लाकडी जाळी वाकते. सांगाडा तसाच ठेवून वर ताडपत्री घाला. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू.

सावनी_क
खुर्ची आणि अलार्म यादीत घातले. आत वागायचे नियम आहेत म्हणतात, ते कोणते? आणि कुत्रे?

रानवारा
गाडीतून उतरण्यापूर्वी 'नोखोई खोर' (कुत्रा धरा) अशी हाक द्या आणि कुणी बाहेर येऊन कुत्रा धरेपर्यंत थांबा. दार दक्षिणेला असतं, उंबऱ्यावर पाय नको. आत गेल्यावर डावीकडे, म्हणजे पश्चिमेला बसायचं. मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही, काही द्यायचं-घ्यायचंही नाही. शेगडीत कचरा टाकू नका, तिच्याकडे पाय करून झोपू नका. वाटी उजव्या हाताने घ्या, डावा हात कोपराखाली. आईंना पाटावर बसणं जमत नसेल तर पलंगाच्या कडेवर बसलं तरी चालतं, आधी विचारा.

खवय्या_अण्णा
आणि आइराग (घोडीचं आंबवलेलं दूध) पुढे आलं तर ओठाला लावून परत द्या. ते उकळलेलं नसतं, आईंनी पिऊ नये.