मदत हवी आहे : 'युरिहॅलाइन' मराठीत कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीतल्या माशांवर शाळेच्या मुलांसाठी मराठी माहितीफलक करतोय आणि एका विशेषणापाशी घोडं अडलंय. जिताडा, बोय अशा माशांना शास्त्रात 'युरिहॅलाइन' म्हणतात, म्हणजे पाण्याच्या खारटपणातला मोठा चढउतार सोसणारे. आपल्या खाडीला हा शब्द किती चपखल बसतो बघा. मे महिन्यात मुखाशी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, अगदी समुद्राइतकं. आषाढात वाशिष्ठीला लोंढा आला की वरच्या अंगाला सगळं गोडं नि गढूळ. जिताड्याची पिल्लं गोड्या पाण्यात शिरतात, वाढतात आणि विणीसाठी परत खाऱ्यात येतात. मासा तोच, पण त्याच्या कल्ल्यांतल्या पेशी गोड्या पाण्यात क्षार आत ओढतात आणि खाऱ्यात बाहेर टाकतात! मुलांना हे कळायलाच हवं.

ग्रीकमध्ये 'युरुस' म्हणजे रुंद, 'हाल्स' म्हणजे मीठ. मसुद्यात कुणीतरी 'युरिहायलाइन' लिहिलंय, ते मला पटत नाही. 'हायलाइन' काचेच्या ग्रीक शब्दावरून आलेला, अर्थ पारदर्शक.

आता 'हॅलाइन' लिहू की 'हेलाइन'? उच्चार दोन्ही ऐकू येतात. 'पृथुलवणी' हा शब्द सुचवला गेलाय, पण सातवीचं पोर तिथेच अडखळेल. गुहागर-दापोलीकडच्या खारवी, भोई मंडळींत अशा माशांसाठी बोलीतला शब्द आहे का? असला तर तोच फलकावर मोठ्या अक्षरात घेईन. रंगवायला देण्याआधी कृपया सांगा.