कासवाच्या पिल्लासाठी घर कसं करायचं? फ्लॅट आहे आणि वर नाशिकची थंडी

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मिस्टरांचा मामेभाऊ पुण्याहून जर्मनीला गेला आणि जाताना त्याचं कासवाचं पिल्लू आमच्याकडे ठेवून गेला. सुलकाटा आहे म्हणाला, आफ्रिकेतलं, जमिनीवर राहणारं. वय चार महिने, मुठीत मावतं, काल किचनच्या काट्यावर ठेवलं तर ५८ ग्रॅम भरलं. माझा मुलगा पाचवीत आहे, तो तर शाळेतून आला की दप्तर टाकून आधी त्याच्याकडेच पळतो.

सध्या आमची जुनी दोन फुटी माशांची काचेची पेटी होती त्यात ठेवलंय, खाली पेपर, वर ४० वॉटचा पिवळा बल्ब. खायला काकडी, टोमॅटो, पालक. पण ते दिवसभर कोपऱ्यात डोकं आत घेऊन झोपलेलंच असतं, नाहीतर काचेला नाक घासत इकडून तिकडे फिरतं. सकाळी आमच्या हॉलमध्ये १६ डिग्री असतं, थर्ड फ्लोअर आहे, गॅलरी पूर्वेला. त्याचं नीट घर करायचंय, काय काय लागेल आणि कुठून सुरुवात करू? अॅक्वेरियमवाला म्हणाला काही लागत नाही, कासव कसंही जगतं. मला ते काही पटलं नाही.

सिडकोचा_बंड्या

ताई टेन्शन घेऊ नका, माझ्याकडे ९ वर्षं झाली कासव आहे, एकदम मस्त. पेटी अर्धी पाण्याने भरा, मधे एक दगड ठेवा बसायला, दाण्यांचा डबा आणा, झालं. पेपरवर ठेवलंय म्हणून मलूल झालंय ते, कासवाला पाणीच पाहिजे.

कासवछाप

बंड्याभाऊ थांबा!! ताई, कृपा करून पेटीत पाणी भरू नका, बुडून मरेल ते. आपल्या मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोघांनाही कासवच म्हणतात त्याचा हा घोळ आहे. बंड्याभाऊंच्या कासवाच्या डोळ्यामागे लाल पट्टा असणार, पायाला बोटांमध्ये पडदा असणार, ते रेड इअर्ड स्लायडर, पाण्यातलंच. ताईंच्या पिल्लाचे पाय बघा, हत्तीच्या पायासारखे खांब असतील, त्याला पोहता येत नाही. (आणि बंड्याभाऊ, तुमचं मोठं झालं म्हणून कंटाळून कधी गोदावरीत सोडू नका, ते अमेरिकेतलं आहे, आपल्याकडच्या कासवांची जागा आणि खाणं दोन्ही बळकावतं.)

आता ताई, घराच्या आधी कागद. पाठीवर काळ्यावर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असेल तर ते सुलकाटा नाही, स्टार कासव आहे, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव कायद्यात शेड्युल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतं. तसं असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करायचा, पुढचं काही वाचायचं नाही. फिकट मातकट रंग आणि प्रत्येक खवल्याला तपकिरी कडा असेल तर सुलकाटा. पण सुलकाटाचीही नोंद लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत. भावाने त्याच्या नावावर केली असेल तर तुमच्याकडे दिल्याचंही कळवावं लागतं, तो तिकडे रुळायच्या आत करून घ्या.

आता घर. मी पाथर्डी फाट्याला राहतो, माझं सुलकाटा सहा वर्षांचं आहे, पहिल्या वर्षी मी सगळ्या चुका करून बसलोय म्हणून सांगतो.

काचेची पेटी काढा. त्याला काच कळत नाही, पलीकडे जायचं म्हणून दिवसभर नाक घासत बसतं. चारी बाजू बंद, आरपार न दिसणारी पेटी हवी, ४ बाय २ फूट मिळाली तर वर्षभर बघायला नको. मी सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायची करून घेतली, सांध्यांना सिलिकॉन भरलं. जुनं शोकेस असेल तर ते आडवं टाकूनही होतं. वर झाकण पाहिजेच, ते का ते खाली सांगतो.

खाली पेपर नको, पाय घसरतात आणि कोरडं पडतं. गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट मिळते, पाण्यात फुगवा, दोनदा धुऊन घ्या मिठासाठी, पिळा आणि तीन-चार इंच थर द्या. वाळू घालू नका, खाण्याबरोबर पोटात जाते. एका कोपऱ्यात अर्धी फुटकी कुंडी आडवी ठेवा, ते त्याचं बेडरूम. पाण्याला कुंडीखालची मातीची बशी, इतकी उथळ की त्यात उभं राहिलं तरी हनुवटी पाण्याच्या वर राहील. खाणं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर वाढा, चोच आणि नखं आपोआप घासली जातात.

एका टोकाला उन्हाचा बल्ब, त्याच्या बरोबर खाली पाठीच्या उंचीला ३५-३६ डिग्री, दुसऱ्या टोकाला २७ च्या आसपास. बल्बखाली हात धरून अंदाज घेऊ नका, डिजिटल मीटर आणा ज्यात आर्द्रतापण दिसते. शिवाय यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) ट्यूब, रोज १२ तास, ती नसेल तर हाडं आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही, यूव्हीबी काचेत अडतं. ट्यूब दिसायला चालू असली तरी आतला दम संपतो, वर्षाने बदलायची, तारीख स्केचपेनने तिच्यावरच लिहून ठेवा. रात्री सगळे दिवे बंद, फक्त सिरॅमिक हीटर बल्ब जो उजेड देत नाही, आणि तो थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होईल. होल्डर चिनीमातीचाच घ्या, माझा प्लॅस्टिकचा वितळून रात्री दोनला घरभर वास सुटला होता, बायको अजून काढते तो विषय.

जुनाजाणता

बाकी ठीक, पण ओलं कोकोपीट? सुलकाटा सहाराच्या कडेचं कासव आहे. वाळवंटातला प्राणी कोरडाच ठेवायचा असतो, ओलाव्याने न्यूमोनिया होतो. आम्ही पूर्वीपासून हेच वाचत आलोय.

कासवछाप

काका मीपण तेच वाचलं होतं आणि तसंच ठेवलं होतं, म्हणूनच माझ्या कासवाच्या पाठीवर प्रत्येक खवल्याचा डोंगर झालाय, आता तो आयुष्यभर जाणार नाही. वाळवंटात राहतं खरं, पण पिल्लं उघड्यावर कुठे बसतात, ती जमिनीखाली बिळात, झाडोऱ्याच्या मुळाशी दडतात आणि तिथे ओल असते. २००३ मध्ये व्हिएन्नात सुलकाटाच्या पिल्लांवरच प्रयोग झाला, त्यात दिसलं की पाठ उंचवट्यांची होण्यामागे प्रोटीनपेक्षा कोरडी हवा जास्त कारणीभूत आहे. तुमचं न्यूमोनियाचं म्हणणंही खोटं नाही, पण तो होतो ओलं आणि थंड असेल तर. ओलं आणि गरम चालतं. म्हणूनच झाकण, म्हणजे ऊब आणि ओल दोन्ही आत राहतात. आर्द्रता ७०-८० टक्के ठेवा आणि रात्रीसुद्धा २६ च्या खाली जाऊ देऊ नका. ताईंच्या हॉलमधले १६ म्हणजे त्या जिवाला डीप फ्रीजच. ते झोपत नाहीये, गारठलंय. काही कासवं थंडीत महिनोन्महिने झोपतात, सुलकाटा त्यातलं नाही.

द्राक्षवाला_पिंपळगाव

रामराम. कासव कधी पाळलं नाही पण कोंबडीची पिल्लं पुष्कळ वाढवली. आमच्याकडं निफाड साईडला पारा ५-६ वर येतो तवा बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्यामुळं थंडीचं म्हणाल तर अनुभव आहे. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या खोक्यात, आम्ही मीटरपेक्षा पिल्लांकडं बघतो. बल्बखाली गोळा होऊन एकमेकांवर चढली की समजायचं गार वाजतंय, कडेला जाऊन चोच उघडून बसली की जास्त झालं, सगळीकडं पसरून दाणे टिपत असली की बरोबर. ताई तुमचंही तसंच बघा, दिवसातून चारदा ते कुठं बसलंय ते वहीत लिहा, दोन दिवसांत बल्ब खाली घ्यायचा का वर ते कळंल.

दुसरं, कासवं द्राक्षाचा पाला आवडीनं खातात म्हणतात, खुशाल घाला पण आमच्या बागेतला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी, भुरी अशा रोगांवर रोज काही ना काही फवारणी चालू असते, आम्ही स्वतः तो पाला शेळीला घालत नाही. बाजारातली मेथी-कोथिंबीर पण नीट धुऊनच. घराच्या कुंडीतलं लावा, ते सगळ्यात बरं.

कासवछाप

लाख बोललात दादा, ब्रूडरचं उदाहरण मीही लक्षात ठेवतो.

खाण्याचं राहिलंच होतं. ताई पालक आणि टोमॅटो आजच बंद. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. काकडी म्हणजे नुसतं पाणी. हा प्राणी मुळात गवत खाणारा आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा, कोवळ्या, कात्रीने बारीक कापून. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, पाथरी मिळाली तर उत्तम, निवडुंगाचं फडं काटे काढून. मेथी कधीतरी. लसूणघास चिमूटभरच. फळं, भात, पोळी, दूध, पनीर काहीही नाही, घरी आलेले पाहुणे लाडाने पोळीचा तुकडा देतात त्यांच्यावर लक्ष ठेवा. कॅल्शियमला महागडी पावडर घ्यायलाच पाहिजे असं नाही, काष्टौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागा, भद्रकालीकडे मिळतो, त्याची भुकटी आठवड्यातून दोन-तीनदा पाल्यावर भुरभुरायची, एक तुकडा पेटीत टाकून ठेवायचा, हवा तेव्हा कुरतडतं.

वैद्य_नव्हे_व्हेट

थोडक्यात लिहितो. रोज सकाळी कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. त्यातच ते पाणी पितं, शी-शू करतं. लघवीबरोबर पांढरं पातळ पेस्टसारखं आलं तर घाबरू नका, ते युरिक अॅसिड, पण वाळूसारखं खरखरीत किंवा घट्ट आलं तर पाणी कमी पडतंय. या वयात कवच दाबलं तर किंचित लवतं, महिन्यागणिक कडक व्हायला हवं, उलट मऊ होत गेलं तर उशीर करू नका. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, डोळे सुजलेले, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या व्हेटकडे. व्हिटॅमिनचं इंजेक्शन सरसकट टोचून घेऊ नका. आणि मुलाला सांगा, हात लावला की साबणाने हात धुवायचे, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. आंघोळीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतायचं नाही.

इंदिरानगरवाली

बापरे, सगळ्यांचे किती आभार मानू. चांदण्या नाहीत, मातकटच आहे, पाय खांबासारखे, तेव्हा सुलकाटाच. भावाला रात्रीच फोन केला, त्याची नोंद आहे, आमच्याकडे दिल्याचं या आठवड्यात टाकतोय.

दोन प्रश्न राहिले. गॅलरीत सकाळी छान ऊन येतं, त्यात घमेल्यात ठेवू का? आणि सासूबाईंनी काल त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि खोबरेल चोळलं, देवळात नंदीपुढे कासव असतं म्हणून. त्यांना कसं समजावू?

कासवछाप

घमेल्याचं ऐकून पोटात गोळा आला. माझं आधी एक पिल्लू होतं. एप्रिलची सकाळ, साडेआठला मी ते स्टीलच्या घमेल्यात गच्चीवर ठेवलं, अर्ध्या भागावर सावली होती, आणि फोन आला म्हणून खाली गेलो. पाऊण तासाने वर आलो तर सावली सरकून भिंतीवर गेलेली, घमेल्याला हात लावला तर चटका बसला. पिल्लू कडेला पुढचे दोन पाय लावून उभं होतं, चढायचा प्रयत्न करता करता तसंच राहिलेलं. त्यावर जास्त लिहवत नाही.

ऊन द्या, जरूर द्या, पण माती भरलेल्या लाकडी खोक्यात, अर्ध्यावर फळी टाकून, वरून जाळी (कावळे आणि घारी टपूनच असतात), आणि तुम्ही तिथेच खुर्ची टाकून बसायचं. वीस मिनिटं, हवा २५ च्या वर असेल तरच. डिसेंबरात सकाळी नको, साडेअकरा-बारानंतर, आणि पूर्वेच्या गॅलरीत तोवर ऊन टिकतंय का ते बघून.

सासूबाईंना म्हणा हळदकुंकू खोक्याला वाहा. तेलाची त्या पाठीला काही गरज नसते, उलट त्यावर धूळ आणि कचरा चिकटून बसतो. आत्ताचं कोमट पाण्याने मऊ टूथब्रश फिरवून काढा.

आणखी एक, कोणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. हे मुठीतलं पिल्लू मोठं होऊन दोन-अडीच फुटांचं होतं, नर पन्नास किलोच्या पुढेही जातो आणि आपल्या मागे मुलाच्या म्हातारपणापर्यंत जगतो. पाच-सहा वर्षांत फ्लॅटमध्ये मावणार नाही. माझ्याने गेल्या पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीखाली हात जाईल एवढं बीळ केलं. गावी कोणाची जमीन आहे का ते आत्तापासून बघा.

इंदिरानगरवाली

वाचून खरंच वाईट वाटलं. घमेलं माळ्यावर टाकलं.

दहा दिवसांनी लिहितेय. सुताराने ४ बाय २ ची पेटी करून दिली, त्याला वाटलं इस्त्रीचे कपडे ठेवायला आहे, कासवासाठी म्हटल्यावर त्याने झाकणाला फुकट बिजागऱ्या लावल्या. पहिल्या दिवशी गरम टोकाला ४१ दाखवत होतं, बल्ब चार इंच वर घेतला, आता ३५. गार टोकाला २७, आर्द्रता ७४. मुलाने दादांनी सांगितल्याप्रमाणे वही केलीय, "सकाळी ८ कुंडीत, १० बल्बखाली, १ फरशीवर खातंय, ४ फिरतंय". परवा शनिवारी मेंटेनन्सला लाईट गेली तेव्हा गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत ठेवल्या आणि पेटीवर गोधडी घातली, तीन तासांत २५ च्या खाली गेलं नाही. काल वजन ६३ ग्रॅम. दूर्वा खातं, जास्वंदीचं फूल दिसलं की तर चक्क धावत येतं.

दिंडोरीला मिस्टरांच्या काकांची दीड एकर आहे, त्यांना विचारलंय. ते म्हणाले कोबी लावलाय तेवढा सोडून कुठेही खणू दे.

द्राक्षवाला_पिंपळगाव

काकांना म्हणावं कोबीला आत्तापासून कुंपण घाला.