ढग-उन्हाच्या खेळात सोयाबीनचे पान किती प्रकाश वाया घालवते?

वाशीमचा विद्यार्थी
मी कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. आमच्या शिवारात सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतात. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तरी ढग येत-जात राहतात आणि खालच्या पानांवर उन्हाचे कवडसे क्षणभर पडून सरकतात. पुस्तकांतले प्रकाशसंश्लेषणाचे आलेख मात्र स्थिर प्रकाशाचे आहेत. या बदलत्या प्रकाशात पानाची कार्यक्षमता अभ्यासायची, तर नेमके काय मोजावे?

पर्णरंध्र
नुकसान दोन्ही दिशांना होते. सावलीतून उन्हात आलेल्या पानातील रुबिस्को हे कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर पूर्ण सक्रिय व्हायला काही मिनिटे घेते आणि पर्णरंध्रे त्याहूनही सावकाश उघडतात. तोवर मिळालेला बराच प्रकाश वापराविना जातो. उलट दिशेची गोष्ट मला अधिक रंजक वाटते. कडक उन्हात पान जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देते, आणि या बचावात पीएसबीएस हे प्रथिन व झियाझँथिन हे रंगद्रव्य भाग घेतात. ढग आल्यावर हा बचाव लगेच थांबायला हवा, पण झियाझँथिन आपल्या पूर्वरूपात सावकाश परतते, म्हणून प्रकाश कमी असतानाही पान तो उधळत राहते. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी या यंत्रणेची तीन जनुके वाढवून तंबाखूचे शुष्क वजन शेतात सुमारे 15 टक्क्यांनी वाढवल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध केले. 2022 मध्ये हाच बदल केलेल्या सोयाबीनच्या काही वाणरेषांत उत्पादन 33 टक्क्यांपर्यंत वाढल्याचे सांगितले. तेव्हा तुम्ही मोजायचा तो बचाव ओसरण्याचा वेग.

धुऱ्यावरून
त्या 33 टक्क्यांवर फार विसंबू नका. पुढच्या हंगामात पीक लोळले आणि वाढ ठळकपणे दिसली नाही. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात तर हाच बदल केल्यावर वाढ उलट मंदावली. शिवाय आपल्याकडे व्यापारी लागवडीत जनुकीय बदल केलेले पीक म्हणजे 2002 पासूनचा बीटी कापूसच, त्यामुळे कास्तकाराच्या दृष्टीने प्रचलित वाणांमधला नैसर्गिक फरक शोधणे जास्त उपयोगी. जेएस-335 हे सोयाबीनचे वाण तुलनेसाठी घ्याच.

पर्णरंध्र
मान्य, आणि त्यासाठी हातात धरण्याजोगा फ्लुओरोमीटर, म्हणजे पानातून परत बाहेर पडणारा अंधुक प्रकाश मोजणारे यंत्र, पुरतो; तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून मिळवता येईल. पानाला चिमटा लावून ते अर्धा तास अंधारात ठेवा आणि पहिले वाचन घ्या. हे वाचन म्हणजे पानाच्या प्रकाश वापरण्याच्या कमाल क्षमतेचे गुणोत्तर; निरोगी पानात ते साधारण 0.83 येते. मग तीव्र प्रकाश द्या, तो एकदम कमी करा आणि दर दोन मिनिटांनी नोंद घ्या. सगळ्या वाणांत वरून तिसरे पूर्ण उघडलेले पान घ्यावे, अन्यथा पानाच्या वयाचा फरक वाणाचा समजला जाईल.

धुऱ्यावरून
एक भर घालतो. पावसाने ताण दिला की सोयाबीन भर दुपारी पाने तिरपी करून ऊन टाळते, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत पानाचा कोन आणि जमिनीचा ओलावा लिहाच. तुरीच्या तासालगतची आणि मधल्या तासांतली झाडे वेगळी नोंदवावीत, कारण दोन्ही ठिकाणी सावलीचा काळ सारखा नसतो.