मदत हवी आहे : सामाईक सातबाऱ्यातील हिस्सा बाहेरच्या कंपनीला विकला गेल्यास

आमची वडिलोपार्जित जमीन रत्नागिरी जिल्ह्यात असून कोकणातील बहुतेक घरांप्रमाणे सातबारा सामाईक आहे. वाटप कधीच झालेले नाही. मुंबईस्थित दोन सहहिस्सेदारांनी आपला अविभक्त हिस्सा जिल्ह्याबाहेरील एका कंपनीला विकल्याचे आम्हाला फेरफाराच्या नोटिशीवरूनच समजले.

माझ्या वाचनानुसार, १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, परंतु औद्योगिक वापरासाठी कलम ६३-१अ ने वाट मोकळी ठेवली आहे, आणि स्थानिकांचे संरक्षण नेमके तिथेच पातळ होते असे मला वाटते. दुसरीकडे, हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २२ सहवारसांना खरेदीत अग्रहक्क देते आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. राहत्या घराबाबत १८९३ च्या वाटप कायद्याचे कलम ४ आहेच (बाहेरच्या खरेदीदाराने वाटपाचा दावा केल्यास त्याचा हिस्सा विकत घेण्याची मुभा ते कुटुंबीयांना देते).

फेरफारावर हरकत तर आम्ही घेणारच आहोत. पण खरेदीखत नोंदले गेल्यानंतरही कलम २२ चा अग्रहक्क बजावता येतो का, की हा हक्क केवळ पहिल्या पिढीच्या वारसांपुरता मर्यादित आहे? आमच्याकडे वारसनोंदी तीन पिढ्यांच्या आहेत, आणि खरी अडचण तीच आहे. तसेच, दिवाणी दावा चालू असताना कंपनीने कुंपण घालू नये यासाठी मनाई हुकूम कोणत्या आधारावर मागावा? कोकणातील अशा प्रकरणांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या वकिलांनी किंवा निवृत्त महसूल अधिकाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.